फुकटच्या सॉफ्टवेअरची वाटणी

खाणावळ चालवणाऱ्या बाईला किस्से शोधायला जावं लागत नाही. माणूस भुकेला असला की खरं बोलतो आणि पोट भरलं की जास्तच बोलतो. मी वाढते आणि ऐकते. कराडात कॉलेजजवळ बावीस वर्षं हेच चाललंय, आता डोक्यात जागा उरली नाही, म्हणून लिहिते. चौथी शिकले आहे. शुद्धलेखन बघणाऱ्यांनी दुसरीकडं जेवावं!

हे किस्से कोपऱ्यातल्या टेबलावरचे. तिथं रोज दुपारी दोघं बसतात. गणपत म्हसवडचा, घरी मेंढरं, हा इथं कंपनीत कॉम्प्युटरवर. प्रज्ञा इस्लामपूरची, कॉलेजात शिकवते. दोघांनी मिळून लिनक्सवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकटच्या सिस्टीमवर, चालणारा एक प्रोग्राम लिहिला. ज्याला दिसत नाही, त्याला स्क्रीनवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवतो. देतात फुकट. वर आतला कोडही उघडा. कुणीही बघा, कुणीही बदला!

"म्हंजे कष्ट तुमचं आणि हात लोकांनी घालायचा?" मी म्हणाले.

"अक्का, तुमी न्हाई का भाजी कशी केली ते समद्यांना सांगत?" गणपत म्हणाला.

"सांगते. पण माझ्यासारखी कुणाला जमत न्हाई, म्हणून सांगते!"

*

एकदा पुण्याचा एक कंपनीवाला साहेब जेवायला आला. त्यानं विचारलं, "पैसे मिळत नाहीत, मग करता कशासाठी?"

गणपत ताठ बसला. स्वातंत्र्य म्हणाला, समाज म्हणाला, ज्ञान म्हणाला. भाकरी गार झाली.

मला राहवलं नाही. "खोटं कशाला बोलतोस रं? तुला शाळेत शिकवणाऱ्या सोपान गुरुजींची नजर गेली म्हणून लिवलंस, असं सांग की!"

साहेब प्रज्ञाकडं वळला. "आणि तुम्ही?"

"ह्याचा कोड लय घाण होता, सर. बघवंना!"

*

मग दोघांत भांडण लागलं. कशावरून? प्रोग्राममधलं 'थांबा'चं बटण डावीकडं की उजवीकडं!

"आरं, ज्याच्यासाठी करताय त्याला बटणच दिसत न्हाई!" मी ओरडले. पण ऐकतंय कोण?

गणपत म्हणाला, "लिनक्सचं हेच दुखणं हाय. जरा पटलं न्हाई की मांडली वेगळी चूल. शंभर चुली, आणि एकीवरबी भात धड शिजत न्हाई!"

प्रज्ञा म्हणाली, "शंभर हायत म्हणून तर एक विझली तरी दुसरी पेटती राहते."

दुसऱ्या दिवशी प्रोग्रामची कॉपी घेऊन वेगळी चूल कुणी मांडली? गणपतनंच!

*

त्यानंतर तीन आठवडे दोघं समोरासमोर जेवायचे, पण मीठसुद्धा माझ्याकडून मागायचे. एक दिवस गणपत मिशीत हसत आला. "अक्का, आठ दिवस मरमर केली, पण लय अवघड फॉल्ट काढला."

प्रज्ञाचा घास हातातच राहिला. "कुठला?"

त्यानं सांगितला. तिनंही आठ दिवस मरमर करून तोच काढला होता!

एका उंदरामागं दोन मांजरं, आणि बाकीचे उंदीर धान्यात!

*

गणपतला जाळ तिखट लागतं, प्रज्ञाला सोसत नाही. त्यांना खिजवायला मी एकदा हट्टानं दोन वेगळे रस्से चढवले. एक करपला, दुसरा पाणचट झाला. दोघांनीही नावं ठेवली.

"मग रोज कसं जमतं तुम्हाला?" प्रज्ञानं विचारलं.

"रोज रस्सा एकच. तिखट कट वेगळा. पाहिजे त्यानं वरून घालून घ्यावा. मला हात दोनच हायत!"

गणपत म्हणाला, "अक्का, हे आमाला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी शिकवलं न्हाई."

"आमाला चौथीतच शिकवलं!"

पटलं दोघांनाही, प्रोग्राम एकच ठेवावा आणि बटण ज्यानं त्यानं पाहिजे तिकडं घ्यावं. पण आधी बोलायचं कुणी? ताठा लय!

*

मग लिनक्सचं नवं अपडेट आलं आणि सोपान गुरुजींच्या लॅपटॉपवरचा प्रोग्राम मुका झाला. गुरुजी रिटायर आहेत, म्हसवडात घरीच पोरांना शिकवतात. पोरं निबंध टाइप करतात, प्रोग्राम वाचतो, गुरुजी चुका सांगतात. सगळं बंद!

गणपत म्हणे, "आवाजाचा भाग प्रज्ञानं लिवलाय." प्रज्ञा म्हणे, "कॉपी त्याची हाय, त्यानं बघावं." पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी दुपारी गुरुजी स्वतःच एसटीनं आले. एका हातानं बायकोचा खांदा धरलेला, दुसऱ्या काखेत घोंगडीत गुंडाळलेला लॅपटॉप, कोकरू धरावं तसा. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझी अकरा पोरं निबंध लिवून बसल्यात. कुठला भाग कुणाचा, ते मला सांगू नका. ह्याला बोलता करा."

मी गुरुजींना वाढलं आणि गणपत-प्रज्ञाची ताटं उचलली. "हे बोललं की जेवण!"

एका लॅपटॉपवर दोन डोकी वाकली. आधी कुरबुर. मग "सरक की जरा." मग "अगं, हितं बघ." मग नुसती बोटं. मी दोनदा आमटी गरम केली.

हा प्रोग्राम चालू झाला की पहिलं बनवणाऱ्याचं नाव बोलतो. वेगळा झाला तेव्हा गणपतनं आपल्या कॉपीतून प्रज्ञाचं नाव काढून टाकलं होतं. सगळ्या खाणावळीला माहीत!

लॅपटॉप खरखरला आणि बोलला, "बनवणारे, गणपत आणि प्रज्ञा."

प्रज्ञानं गणपतकडं बघितलं. "कवा घातलंस परत?"

"मी न्हाई," गणपत म्हणाला. कान लालभडक.

गुरुजी हातानं ताट चाचपत होते. "मी घातलं. एकच नाव बोलाया लागला तवाच. चूक ऐकू आली, पोरांकडनं दुरुस्त करून घेतली. कोड उघडाच हाय न्हवं, बंदी हाय का?"