पोटातली माती

ओके-इरिन गावच्या न्यायालयात शपथेसाठी तीन वस्तू ठेवलेल्या असतात: बायबल, कुराण आणि लोखंडाचा एक तुकडा. दोन्ही पुस्तकं हात लागून लागून मऊ पडलीत. लोखंड मात्र गंजलंय. त्याला हात लावायला सहसा कुणी धजत नाही. पुस्तकातला देव दयाळू असतो, आज ना उद्या पदरात घेतो, असा गावाचा अनुभव. लोखंडाचा देव ओगुन. त्याला माफी हा शब्द कुणी शिकवलाच नाही.

हा तुकडा ओगुनबियी लोहाराच्या भट्टीतला. भट्टी गावाच्या वेशीवर, इरोकोच्या झाडाखाली. ऐरण म्हणजे दगडासारखा दिसणारा लोखंडाचा ठोकळा, आजोबांच्या वेळचा. त्याच्याभोवती ताडाच्या कोवळ्या झावळ्यांची झालर. कोयता घ्यायला येणारा ख्रिस्ती असो की मुसलमान, पाय झालरीच्या बाहेरच ठेवायचा. वर म्हणायचा, "आम्ही हे मानत नाही हं." ओगुनबियी म्हणायचा, "नको मानू. पाय तेवढे तिथेच ठेव."

त्याची बायको सिकिरात मुसलमान. पाच वेळची नमाजी. ओगुनला कुत्र्याचा बळी द्यायचा दिवस आला की ती चार दिवस माहेरी जायची आणि परत आल्यावर अंगण दोनदा धुवायची. लेक लग्न होऊन ख्रिस्ती झालेली. ईदला घरात बोकड, नाताळाला लेकीकडे भात, ओगुनच्या सणाला भाजलेलं कोनफळ आणि ताडी. कुठल्याच देवाला नाही म्हणायचं नाही आणि कुठलंच जेवण चुकवायचं नाही, या बाबतीत हे घर गावासारखंच होतं.

आणि अकांबी. तो ट्रकवाला. ट्रकच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत 'येशू माझा सारथी', आणि बॉनेटखाली ओगुनबियीने बांधून दिलेला लोखंडाचा खिळा. "सारथी वर आहे ना? मग खाली हे कशाला?" असं ओगुनबियीने विचारलं, तर अकांबी म्हणाला, "अरे, सारथ्याला क्लीनर नको?"

दोघांनी पोरवयात माती प्यायली होती. भट्टीजवळच खड्डा केला, त्यात पाणी ओतलं, कोलाचं कडू फळ फोडून टाकलं आणि गुडघ्यांवर बसून, हात पाठीमागे धरून, ते गढूळ पाणी तोंडानेच प्याले. मी तुला दगा दिला तर ही जमीन मला गिळो. आमच्याकडे यापेक्षा मोठी शपथ नाही. ओगुनला निदान ताडी पाजून थोडं मवाळ करता येतं. जमिनीपासून लपणार कुठे? चाललात तरी तिच्यावर, मेलात तरी तिच्यात.

भट्टीची जागा ओगुनबियीच्या बापाला गावच्या जुन्या मुखियाने दिली होती, तोंडी. त्या काळी तोंडाला किंमत होती. साक्षीला चार मोठी माणसं होती, आणि ताडीचा घडा धरून उभी असलेली दोन पोरं: ओगुनबियी आणि अकांबी. मोठी चारही गेली. मुखियाही गेला. आता मुखियाच्या नातवाने तीच जागा पेट्रोल पंपासाठी विकली, आणि ओगुनबियीला निरोप आला की झोपडं हलवा.

ओगुनबियी हसला. "अकांबी आहे ना," म्हणाला.

सिकिरात म्हणाली, "अहो, वकील बघा."

"वकील कशाला? वकिलाने माती प्यायली आहे का?"

खटला लागायच्या आधी अकांबीने उपास धरले. पाठ फार दुखते, म्हणाला. पाद्रीबुवांनी उपास सांगितलाय, रोज तेल लावून प्रार्थना करतात. त्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. मग संध्याकाळी उपास सोडायला तो कुठे जाणार? ओगुनबियीच्याच ओसरीवर. सिकिरात त्याच्यासाठी चवळीचे वडे तळायची, मक्याची पेज करायची. रोजे धरणारी बाई ती. उपाशी माणसाला आधी काय द्यावं आणि मागाहून काय, हे तिला कुणी सांगायला नको.

"वहिनी, तुमच्या हाताला बरकत आहे," अकांबी बोटं चाटत म्हणायचा.

"पाठ कशी आहे?"

"सुटतेय. हळूहळू सुटतेय."

ओगुनबियी त्याच्या पानात आणखी एक वडा टाकायचा. "खा. साक्षीदार धडधाकट हवा."

खटल्याच्या दिवशी ओगुनबियीने लोखंडावर जीभ टेकवून शपथ घेतली. बाकांवरचे लोक जरा मागे सरकले. मग अकांबीला बोलावलं. कारकुनाने विचारलं, "कशावर?" अकांबीने बायबल उचललं. ओगुनबियीला काहीच वाटलं नाही. हातात काय का असेना, पोटात माती होती.

"ही जागा ओगुनबियीच्या बापाला दिली, तेव्हा तू तिथे होतास?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही."

"काही ऐकलं होतंस?"

"मला काही माहीत नाही साहेब. मी लहान होतो. अशी गोष्ट झालीच असेल असंही सांगता येत नाही."

ओगुनबियीने अकांबीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं. आता काहीतरी होईल. गुडघे लटपटतील, नाकातून रक्त येईल, निदान ठसका तरी लागेल. बाहेर शेळी ओरडली. पंखा फिरत होता. अकांबीने रुमालाने कपाळ पुसलं, पण ते उकाड्याने सगळेच पुसत होते.

न्यायाधीश म्हणाले, "तुला साक्षीदाराला काही विचारायचंय?"

ओगुनबियी उठला. "अकांबी, आपण माती प्यायलो होतो."

अकांबी जमिनीकडे बघत म्हणाला, "ते तोडलं मी. चर्चमध्ये. उपास करून. तेल लावून तोडून घेतलं."

"कधी?"

"तू जाणतोस कधी."

मागच्या बाकावर सिकिरात बसली होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले, जणू त्यांना अजून तळणीचं तेल लागलेलं होतं. पाठ नव्हतीच दुखत. सुटत होती ती शपथ, हळूहळू, त्याच्याच ओसरीवर, त्याच्याच पानातून. आणि तो वर वाढत होता.

निकाल नातवाच्या बाजूने लागायला वेळ लागला नाही.

पाद्रीबुवा स्वतः घरी आले. भला माणूस. हात जोडून म्हणाले, "बाबा, तो म्हणाला, लहानपणीच्या एका शपथेचं भय मनात बसलंय, रात्री दचकतो. मी भयावर प्रार्थना केली. कोर्टाचं त्याने सांगितलं असतं तर मी आधी त्याचा कान धरला असता." मग म्हणाले, "क्षमा करा. न्याय देवावर सोडा."

मशिदीचे इमाम सिकिरातचे मामा. ते म्हणाले, "खोटी साक्ष फार मोठं पाप. कयामतच्या दिवशी त्याची जीभच त्याच्याविरुद्ध बोलेल."

शेवटी ओगुनबियी इफाचा कौल सांगणाऱ्या जाणत्याकडे, बाबालावोकडे गेला. म्हाताऱ्याने फळीवर भुकटी पसरली, ताडाच्या बिया हातात खेळवल्या, रेघा काढल्या, आणि बराच वेळ पुटपुटून म्हणाला, "जमिनीला घाई नसते."

तीन धर्म, तीन जाणती माणसं. एरवी त्यांचं कशावर जमत नाही, पण या बाबतीत एकमत होतं: आज काही होणार नाही.

आणि खरंच काही झालं नाही. ट्रक चालला. अकांबीच्या अंगावर मांस चढलं. कुणी म्हणालं, अकांबीला ताप आहे, की ओगुनबियीचा घण वरच्यावर थांबायचा. दुसऱ्या दिवशी अकांबी बाजारात दिसायचा, मलेरियाच होता म्हणे. घण खाली यायचा तो वेडावाकडा. माणसाने फसवलं याचं दुःख सांगायला ओगुनबियी ओगुनकडे जाऊ शकत होता. ओगुनने आणि जमिनीने फसवलं, हे कुणाकडे जाऊन सांगायचं?

जागा सोडायचा दिवस आला. त्याने झालर सोडली, भाता काढला. शेवटी ऐरण उरली. तेवढ्यात अकांबी येऊन झालरीची जागा होती तिच्या बाहेर उभा राहिला, सवयीने.

"ओगुनबियी, एक शब्द दे. नुसतं म्हण, सोडलं."

"तोडलंयस ना तू?"

"तोडलंय. पाद्रीबुवांनी तोडलं. पण... प्यायलो दोघं होतो. मी एकट्यानेच सोडून घेतलं. बाबालावोला विचारलं, तो म्हणतो, दुसऱ्याच्या तोंडून आल्याशिवाय सुटत नाही."

"तू बाबालावोकडे गेलास?"

"चर्चमध्ये सांगू नकोस."

ओगुनबियीला हसू आलं. "चल न्यायालयात. लोखंडावर जीभ ठेव आणि काय पाहिलंस ते सांग. तिथेच म्हणेन, सोडलं."

अकांबी मान हलवत म्हणाला, "ट्रक मुखियाच्या नातवाचा आहे रे. हप्ते मी भरतो, पण कागद त्याचे. पोरांनी खायचं काय?"

"मला सांगायचंस."

"तू काय केलं असतंस?"

"काय केलं असतं ते आता कोण सांगणार? तू विचारलंसच कुठे?"

ओगुनबियी वाकला आणि ऐरणीखाली हात घातले. ती एकट्याने हलेना. अकांबी पुढे झाला, दुसऱ्या बाजूला हात घालायला.

"हात लावू नकोस."

सिकिरात झाडाखाली उभी होती. ओगुनच्या वस्तूला तिने आजवर बोट लावलेलं नव्हतं. ती आली, काही न बोलता पदर खोचला, बिस्मिल्ला म्हणाली आणि दुसरी बाजू उचलली.

ऐरण फार जड. थोडं चालायचं, ठेवायची, दम खायचा. प्रत्येक वेळी ठेवली की मागे पावलंही थांबायची. ओगुनबियीने वळून पाहिलं नाही. एकदा सिकिरात म्हणाली, "अजून येतोय."

"येऊ दे," तो म्हणाला. "उचल."