नाईक मुंगसेचं अपील

छप्पन सालच्या मार्चमध्ये माझी बदली चिंचवडच्या पुढच्या एका छावणीतल्या हॉस्पिटलात झाली. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना तेव्हा नवा होता. चिंचवड स्टेशनावर उतरलं की टांगा मिळाला तर मिळे, नाहीतर चालायचं. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. लढाईच्या काळात आसामात काम केलं होतं, त्यानंतर चार हॉस्पिटलं झाली होती. हे पाचवं. रँक काहीही असली तरी वॉर्डात आम्हाला सगळे सिस्टरच म्हणत.

माझ्याकडे सर्जिकल वॉर्ड होता. चाळीस खाटा, वर पत्रा. सकाळी साडेसहाला रिपोर्ट. दर चार तासांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं, त्याआधी अर्धा तास सुया-सिरिंजा उकळायच्या. हे काम नर्सिंग ऑर्डर्ली नाईक मारुती मुंगसे करी. चाकणकडच्या खेड्यातला, वय बत्तीस. लढाईत त्याने स्ट्रेचर वाहिले होते. बोलणं कमी, हात स्वच्छ. घड्याळ नसताना त्याला दहा आणि दोन बरोबर कळत. माझी एकच तक्रार होती: रुग्णांची पत्रं वाचून दाखवताना तो वाईट बातम्या गाळून टाकी.

एप्रिलमधल्या एका दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी फोन आला.

"सिस्टर, स्टोअर्स डेपो. रंगाच्या शेडला आग. पिंपं फुटतायत."

"माणसं किती?"

"माहीत नाही. गाडी पाठवा."

ड्यूटीवरचे डॉक्टर कॅप्टन आणि मुंगसे ॲम्ब्युलन्समधून गेले. मी खाटा रिकाम्या करायला घेतल्या. अडीच वाजता डॉक्टर दोन जखमींना घेऊन परतले आणि तसेच ऑपरेशन थिएटरमध्ये गेले. मॉर्फियाची पेटी आणि मुंगसे आगीपाशीच राहिले होते. तीन दहाला डेपोच्या ट्रकमधून तो उरलेल्या सहा जणांना घेऊन आला. त्यांतले तिघं वाटेत गेले होते.

मॉर्फियाची एक पद्धत सांगायला हवी. बाहेर मैदानावर कोणाला मॉर्फिया टोचला, तर त्याच्या कपाळावर कॉपिंग पेन्सिलीने इंग्रजी 'एम' काढून पुढे वेळ लिहायची. पेन्सिल थुंकीने ओली केली की जांभळी उठते. पुढच्या माणसाने घाईत दुसरा डोस देऊ नये, यासाठी ही खूण. दोन डोस लागोपाठ पडले तर माणूस झोपेतच जातो. जखमी वॉर्डात आला की आधी खूण वाचायची, चार्टवर उतरवायची, मग तोंड धुवायचं. पाचही जिवंत जखमींच्या बाबतीत मी हे याच क्रमाने केलं.

चार वाजता हॉस्पिटलच्या सीओ साहेबांचा हुकूम आला. "मृतांचे नातेवाईक पाचला येतील. तयारी ठेवा." मी स्पिरिट आणि कापूस घेऊन मागच्या खोलीत गेले. काजळी, तेल, रंग. दोघांची तोंडं नीट पुसली. तिसऱ्याचं तोंड पुसण्यासारखं राहिलं नव्हतं, ते बांधून टाकलं. बरोबर पाचला सुभेदार साहेबांनी प्रेतं नातेवाइकांच्या ताब्यात दिली. मी वॉर्डात परत गेले. पाच जण जगवायचे होते. पाचही जगले.

दुसऱ्या दिवशी पेटी तपासली. एका डोसाची एक काचकुपी, असे बारा ॲम्प्यूल होते, चार उरले. चार्टवर नोंदी पाच. तीन ॲम्प्यूल कमी.

मे महिन्यात लष्करी कोर्ट बसलं. साक्षीदाराला आपली पाळी येईपर्यंत बाहेर बसवतात, त्यामुळे आत कोण काय बोललं ते मला कळलं नाही. मला तीन मिनिटं लागली.

"पाच चार्ट दाखवा."

दाखवले.

"याखेरीज कोणाला मॉर्फिया दिल्याची नोंद आहे?"

"नाही."

"थँक यू, सिस्टर."

मॉर्फिया चोरल्याबद्दल आणि हुकमाशिवाय पेटी उघडल्याबद्दल मुंगसेला फौजेतून डिस्चार्ज मिळाला. कारण: गैरवर्तणूक. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. मॉर्फियाची चटक लागलेले चांगले ऑर्डर्ली मी लढाईत पाहिले होते. नवा ऑर्डर्ली आला. त्याला सुया उकळायला शिकवलं.

सप्टेंबरअखेर एका सकाळी मुंगसे हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा असल्याचा निरोप आला. धोतर, डोक्याला टोपी, पायांत तेच फौजी बूट. शेजारी बायको, सरूबाई. डिस्चार्ज बुक फडक्यात बांधून तिने काखोटीला मारलं होतं.

"ह्ये बोलायचे न्हाईत," ती म्हणाली. "रस्त्यानं म्हनत व्हते, सिस्टर रागावतील. म्हनलं, आता आनि काय रागावणार? नोकरी गेली, आता काय बूट काढून घेत्यात?"

"सरू, गप," मुंगसे म्हणाला.

"गप बसूनच ही येळ आलीया. सिस्टरबाई, ह्ये पिंपरीला तीन कारखान्यांच्या गेटांव जाऊन आले. साहेब पुस्तक उघडतो, वाचतो, मिटतो. गावात पोरं पुसत्यात, मारुतीदा, मिल्ट्रीतनं काय ढापलं? तोफ का? सासरे पारावर बसायचं सोडून घरात बसत्यात."

जो प्रश्न मी पाच महिने विचारला नव्हता तो तेव्हा विचारला. "मुंगसे, ते तीन ॲम्प्यूल कुठे गेले?"

"कोर्टात सांगितलं की, सिस्टर. त्या तिघांना टोचले. हवालदार, डायवर आन त्यो मजूर. टरकात घातले तवा जित्ते व्हते. डाक्टरसाहेब 'येतो' म्हणून गेले ते आलेच न्हाईत. वरडणं आयकवंना."

"खूण केली होतीस?"

"केली की. दोघांच्या कपाळाव. मजुराला कपाळ न्हवतं, त्याच्या हाताव केली. पर सुभेदार साहेब शपथेव म्हणाले, परेतं ताब्यात दिली तवा कपाळं साफ व्हती. ते खोटं बोलायचे न्हाईत."

ते खोटं बोलले नव्हते. खूण मी पाहिली होती. दोन कपाळांवर दोन 'एम', काजळीखाली, मोठे. मेलेल्यांचा चार्ट नसतो. उतरवायचं कुठे? म्हणून मी कापूस फिरवला आणि बोळे बादलीत टाकले. नंतर एकदाही ते आठवलं नाही.

"कपाळं मी पुसली," मी म्हणाले.

सरूबाईने विचारलं, "का?"

"नातेवाईक येणार होते."

"मेल्याला आमी बी आंगूळ घालतो," ती म्हणाली, "पर त्यासंगती दुसऱ्याची भाकर न्हाई धुवून टाकीत."

"अपिलाच्या अर्जाची मुदत कधी संपते तुमची?" मी मुंगसेला विचारलं. वॉर्डात मी त्याला अरेतुरे करीत असे. त्या सकाळनंतर केलं नाही.

"अकरा दिवस हायेत."

त्या अकरा दिवसांत माझं बूड एका जागी टेकलं नाही. लिननचं कपाट दोनदा मोजलं. जेवणाच्या सुट्टीत मेसमध्ये न बसता व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. झोप लागे, पण पहाटे चारच्या गाडीने मोडे. मी दोन खुणांबद्दल शपथेवर सांगू शकत होते. ॲम्प्यूल तीन होते. दोनांचा उलगडा झाला आणि एक उरला, तर चोर चोरच राहणार होता, फक्त लहान.

चौथ्या दिवशी मेट्रननी ऑफिसात बोलावलं. त्या मेजर होत्या, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या.

"फरशी झिजवताय, कॅप्टन. काय झालं?"

सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नोंद न करता खूण पुसली, असं लेखी देणार?"

"हो मॅडम."

"मेजरच्या प्रमोशनचं बोर्ड जानेवारीत आहे."

"माहीत आहे. टाइपरायटर हवा होता."

"रिबन जुनी आहे," त्या म्हणाल्या. "द्यायचंच आहे तर तीन खुणा लिहा. तिसऱ्याला विचारायला कोण जाणार?"

"मी दोनच पाहिल्या."

"मग दोन लिहून तो सुटणार नाही. स्वतःलाही बुडवाल आणि त्यालाही."

तिसऱ्याला विचारायला कोणीतरी जायला हवं, एवढं त्यातून मला कळलं. मेलेला मजूर, किसन ढमाले, सांगवीचा होता. रविवारी सकाळची प्रार्थना चुकवून मी पुण्याच्या गाडीने दापोडीला उतरले आणि नावेतून पवना ओलांडली. मुदतीचे पाच दिवस उरले होते.

किसनचे वडील विठूबुवा गोठ्यापाशी दावं वळत बसले होते. मी युनिफॉर्ममध्ये होते. ते उठले नाहीत.

"पुन्हा कागद हाय का?" त्यांनी विचारलं. "आंगठं देऊन झाल्यात समदं."

"कागद नाही. मी हॉस्पिटलातली सिस्टर. किसनचं तोंड मी बांधलं होतं."

"मंग तुमालाच ठावं. आमाला सोडू न्हाई दिलं." त्यांनी दाव्याला पीळ दिला. "बसा. त्ये घोंगडं घ्या."

मी बसले. "आंघोळ घातलीत तेव्हा हातावर काही दिसलं?"

"उजव्या. जांभळं. पाणी वतलं तसं आनि ठसठशीत झालं. म्हनलं, ह्यानं बापाला न इचारता गोंदून घेतलं का काय. त्याच्या आयशीला म्हनलं बी, असता तर कानफाडला असता."

"कसं होतं?"

त्यांना अक्षर येत नव्हतं. दावं बाजूला ठेवून त्यांनी बोटाने मातीत काढलं. पोरं डोंगर काढतात तसे शेजारी शेजारी दोन डोंगर. त्यापुढे मान वाकवलेलं एक, मग एक खुर्चीसारखं, मग गोल. एम, दोन चाळीस.

"ह्ये काय हाय?"

मी सांगितलं. सुई कशाची, कोणी दिली, त्याची नोकरी का गेली, कपाळं कोणी पुसली. त्यांनी ते सगळं ऐकलं आणि त्यातलं काहीच विचारलं नाही.

"म्हंजी त्याला दुखलं न्हाई?"

"दुखलं असणार. पण सुईनंतर वीस मिनिटांत कमी होतं. तीनच्या सुमाराला कमी झालं असेल."

"आन गेला कवा?"

"तीन दहाच्या आधी."

ते मातीतल्या आकड्यांकडे बघत होते. "म्हंजी धा मिन्टं," ते म्हणाले. "धा मिन्टं तरी."

भाजलेल्या अंगात औषध उशिरा चढतं, हे मला माहीत होतं. ते मी बोलले नाही.

शाळामास्तरांना बोलावून जबाब लिहून घेतला. विठूबुवांनी तो आकार कागदावर पुन्हा काढला आणि खाली अंगठा दिला. निघताना म्हणाले, "त्या मुंगश्याला सांगा, कवातरी येऊन जेवून जा."

अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. सोबत विठूबुवांचा जबाब आणि माझं निवेदन. माझ्या निवेदनात दोनच खुणा होत्या. रिबन खरोखर जुनी होती. शेवटचा परिच्छेद हाताने गिरवावा लागला.

उत्तर फेब्रुवारीत आलं. चोरीचा आरोप रद्द. हुकमाशिवाय पेटी उघडल्याबद्दल ताकीद कायम. डिस्चार्ज साधा, वर्तणूक चांगली. मुंगसेंना परत येण्याची मुभा होती, ते आले नाहीत. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत लागले. सरूबाई पिशवीभर मटकी घेऊन हॉस्पिटलात आली आणि म्हणाली, "निवडून आणलीया. तुमी नुसती धुवा." मला लेखी नाराजीपत्र मिळालं. ते योग्यच होतं. बोर्डात माझं नाव आलं नाही. त्यानंतर दोन वर्षं नोकरी करून मी कॅप्टन म्हणूनच बाहेर पडले.

लोक मला मुंगसेंबद्दल विचारतात. त्यांचं बरं चाललं आहे. आगीत गेलेल्या तिघांबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मुंगसेंकडून ऐकलेलं इथे लिहून ठेवते.

शिपाई ड्रायव्हर दत्तू साबळे, वय चोवीस. पेटलेल्या शेडला टेकून उभा असलेला तेलाचा ट्रक त्याने मागे घेतला. ट्रक वाचला. हवालदार गुरमेल सिंग, वय चाळीस. बाहेर आलेली माणसं त्यांनी मोजली, एक कमी भरला, म्हणून ते आत गेले. मोजण्यात चूक झाली होती. आत कोणी नव्हतं. किसन विठू ढमाले, वय सव्वीस, रोजंदारीवरचा मजूर. तो बाहेर सुखरूप होता. हवालदार परत येत नाहीत असं दिसल्यावर त्याने डोक्याचं मुंडासं पाण्यात बुचकळलं, तोंडाला गुंडाळलं आणि तो त्यांना आणायला आत गेला. त्याने त्यांना दारापर्यंत ओढत आणलं. जा म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं.