तारेखालची जागा

परळच्या दातांच्या दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. दातांना तार बसवल्यावर मी दर महिन्याला तिथे जायचे. एकदा चहा-बिस्किट खाऊन बेसिनवर चूळ भरली. आमच्या गावी खाल्ल्यावर तेवढंच करतात.

“चूळ भरून भागत नाय गो,” त्या मागून म्हणाल्या.

“सकाळी घासते की, मावशी.”

“आणि दिवसभर खातेस ते?” करंगळीने त्यांनी आरशात हिरडी आणि तारेमधली जागा दाखवली. “इथे अडकतं, मग पांढरे डाग पडतात. तार निघते, डाग राहतात.”

तेव्हापासून ब्रश माझ्या पर्समध्येच असायचा.

दोन वर्षांनी तार निघाली, तेव्हा मी आधी त्यांना शोधलं. ओले हात पदराला पुसून त्यांनी माझी हनुवटी खिडकीकडे वळवली आणि एकेक दात पाहिला.

“एक पण डाग नाय.” मग हळूच म्हणाल्या, “माझी पोर लग्नाच्या फोटोतसुद्धा तोंड मिटून हसलीय. तिला तार होती तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.”

“माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं, मावशी. मला तुम्ही भेटलात.”

त्या मघाशी पुसलेलीच फरशी पुन्हा पुसू लागल्या.