खाडीच्या उतारासाठी टायर

मी ज्यांचं सर्वांत जास्त देणं लागतो त्या म्हणजे लालबागच्या एका चाळीत खानावळ चालवणाऱ्या मावशी. नात्याने त्या माझ्या कुणी नव्हत्या. माणदेशातल्या एका लहान गावात शाळा संपवून मी कॉलेजसाठी मुंबईत आलो, तेव्हा गिरणी कामगारांच्या पंगतीत त्यांनी मला जागा दिली. पुढे संप झाला. पंगती विरळ होत गेल्या. मावशींचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, त्यांचं गिरणीच्या साचेखात्यातलं, मागावरचं काम गेलं आणि दोघांनी कोकणात गावी परतायचं ठरवलं. सामान बांधून झालं होतं, पण माझी बी.ए.ची परीक्षा चालू होती. मावशींनी ट्रंका तशाच ठेवल्या, स्टोव्ह आणि एक पातेलं तेवढं पुन्हा बाहेर काढलं आणि शेवटचा पेपर होईपर्यंत मला जेवायला घातलं. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.

काही वर्षांनी काकांनी गावी एक जुनी जीप घेतली. हायवेच्या फाट्यापासून गावापर्यंत ते माणसांची ने-आण करू लागले. शाळेतली पोरं, आजारी माणसं, बाजाराला निघालेल्या बायका, सगळ्यांना तीच एक गाडी. तिचे टायर अगदी गुळगुळीत झाले आणि काकांनी ती दगडांवर चढवून उभी केली. चांगले टायर मुंबईतूनच यायला हवे होते. लालबागला त्यांच्या गावाची एक खोली होती. गावाकडचे एकटे राहणारे पुरुष तिथे राहत, आणि गावाचं काहीही ठरवायचं झालं तरी तिथेच ठरे. काकांचा निरोप खोलीवर आला : चिखलाचे, मोठ्या बटणांचे, म्हणजे जाड उंचवट्यांच्या नक्षीचे टायर पाठवा. तो आणणाऱ्याने मला मावशींचा निरोप वेगळा सांगितला. "टायर त्या शिकलेल्या पोराला बघू दे, म्हणाल्या."

मला सायकलीपलीकडे काही माहीत नव्हतं. पण मावशींनी सांगितलं म्हटल्यावर मला बसवेना. गिरगावातल्या माझ्या ऑफिसात खुर्चीवर असलो तरी डोळ्यांपुढे तो रस्ता येई. मी तिथे एकदाच, निकाल लागल्यावर मे महिन्यात पेढे घेऊन गेलो होतो. फाट्यापासून बराचसा रस्ता नवा डांबरी होता, शेवटचा तुकडा तांबड्या मातीचा. आणि मध्ये तो उतार. डांबर वळत वळत खाली खाडीच्या पुलाकडे जातं, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. जेवणाच्या सुट्टीत मी ऑपेरा हाऊसकडे चालत निघायचो, स्पेअर पार्टच्या दुकानांवरून एक फेरी मारायचो आणि कुणाला काही न विचारता परत यायचो.

शेवटी एका दुकानात शिरलो. दुकानदाराने मोठ्या बटणांचा टायर पुढे केला. माझा इस्त्रीचा शर्ट बघून म्हणाला, "गाडी शूटिंगला लावणार का साहेब?" मी रस्ता सांगितला, उतारही सांगितला. मग त्याने काउंटरवर हाताची फक्त बोटं टेकवली. चिखलात ही रुततात आणि गाडी ओढून काढतात, म्हणाला. नंतर पूर्ण तळवा टेकवला. ओल्या डांबरावर असं टेकलेलं बरं. त्याच्याकडे तिसरी एक जात होती. मध्ये जवळजवळ बसलेली नक्षी, कडेला मोकळे काप. दोन्ही रस्त्यांना चालणारी. हल्ली याला ऑल टेरेन म्हणतात, म्हणाला. मी विचारलं, खोल चिखलात? "खोल चिखलात हा अडकणार. खोटं कशाला सांगू? तुम्हाला कुठला पाहिजे ते ठरवा, मला दोन्ही विकायचे आहेत."

मी सुटलो नाहीच, उलट जास्त गुंतलो. रविवारी दुपारी खोलीवर गेलो. सगळे जेवून पडले होते. मी टायरचं बोलणं काढलं तर खोलीतले सर्वांत वडीलधारे तात्या उशीवरून मान न उचलताच म्हणाले, "आमचो रस्तो तुका काय म्हायत? तुमच्याकडे पाऊस पडलो तर पेपरात येता." सगळे हसले. मग एकेक जण मला रस्ता समजावू लागला. एकाची चप्पल त्या चिखलात गेली होती, ती अजून तिथेच आहे म्हणे. एकाने एस.टी. रुतल्यावर गणपती डोक्यावर घेऊन गावापर्यंत चालत नेला होता. दुसऱ्याच्या भावाचा पाय मुरगळला, तोही गणपती सांभाळताना. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की प्रत्येक गोष्टीत कुणाच्या तरी डोक्यावर गणपती आहे. यांच्यातला प्रत्येक जण वर्षातून एकदाच, गणपतीला, गावी जात होता. डांबर पडलेलंही त्यांनी पाहिलं ते पावसातून, अर्धवट झोपेत.

मी भीत भीत म्हणालो, बाकीचे महिने रस्ता कसा असतो?

तात्या उठून बसले. "बाकीचे महिने आमी हय असतो," ते म्हणाले. मग हसणं बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "पण गणपतीत गाडी रुतली, तर मावशीक तोंड कसा दाखवतलंस?"

चिखलाचेच टायर घ्यावेत, असं खोलीने ठरवलं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चालत परळला माझ्या खोलीवर आलो, परत बाहेर पडलो, वरळीच्या समुद्रापर्यंत जाऊन आलो. गाडी रुतली तर माणसं उतरतील आणि ढकलतील. उतारावर घसरली तर? त्या गाडीत पुढच्या सीटवर बहुतेक रोज मावशी असणार होत्या, बाजारातून परत येणाऱ्या.

सोमवारी मी दोन्ही रस्त्यांना चालणारे, त्या तिसऱ्या जातीचे टायर घेतले आणि गावाकडे जाणाऱ्या टेम्पोत चढवायला लालबागला आणले. तात्यांनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हे टॅक्सीचे." पण दोर त्यांनी स्वतः बांधले. टेम्पो पोचायच्या आधी मावशींना माझ्याकडूनच कळावं म्हणून मी त्याच दिवशी लिहिलं :

"ती. मावशींस सा. न.

टायर पाठवले आहेत. काकांनी सांगितले होते ते हे नव्हेत. खोलीवरच्या मंडळींनी ठरवले तेही नव्हेत. ही निवड माझ्या एकट्याची आहे, तेव्हा खोलीवर कुणाला बोल लावू नये.

हे टायर डांबरावर घट्ट धरतील आणि साध्या मातीवरही चालतील. खोल चिखलात चालणार नाहीत. भर पावसात शेवटच्या तुकड्यावर गाडी घालू नका, डांबर संपते तिथे उभी करा. गणपतीत लोकांना तेवढे चालावे लागेल. ते तुम्हाला बोलतील, काकांनाही राग येईल. मला हे कळत होते, तरी मी हेच घेतले. चिखलात अडकलेली गाडी दहा माणसे बाहेर काढतात. खाडीच्या उताराचे तसे नाही. तो उतार मी एकदाच पाहिला आहे आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही.

दुकानदार म्हणतो, नव्या टायरवरचा निसरडा थर जायला थोडे दिवस लागतात. म्हणून पहिल्या दिवशी काकांना उतारावरून गाडी रिकामी न्यायला सांगा. तुम्ही बसू नका. नाही म्हटले तरी तुम्ही बसणार, हे मला ठाऊक आहे. मग निदान काकांना वळणाच्या आधीच वेग कमी करायला लावा, आणि खाली पुलावर पोचलात की मला दोन ओळी लिहा. माझी निवड चुकली असेल तर तेही लिहा. तुमचे पत्र येईपर्यंत मला चैन पडणार नाही."