पिठाच्या डब्यातले फोन

ज्वारीच्या पिठाचा वास आला की ती दुपार आठवते. बायकांवरच जीव जडलेल्या आम्ही काहीजणी एका मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात जमून आपापलं सांगायचो. कोण काय रेकॉर्ड करील याचा नेम नाही, म्हणून आधी सगळे फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात जायचे. त्या दिवशी कन्नड गावाहून एक नवी मुलगी आली होती. "माझ्याकडं फोन नाय," म्हणाली. मला ते पटलंच नव्हतं. दौलताबादच्या एसटी थांब्यावर मी माझ्या पहिल्या मैत्रिणीची वाट बघत कशी उभी होते, ते मी सांगत होते. तेवढ्यात त्या नव्या मुलीच्या ओढणीखाली उजेड दिसला. हिला माझ्या भावानंच पाठवलंय, आता माझा आवाज गल्लीभर फिरणार, या विचारानं मी गोष्ट अर्धवट तोडून ओरडले, "काढ तो फोन!" तिनं काढला. कॉल चालू होता. "माझी मैत्रीण हाय, ताई. घरचे तिला बाहेर पडू देत नायत. तिलाबी ऐकायचं होतं." तरी माझा विश्वास बसेना. फोन हिसकावून मी दरडावलं, "कोण आहे तिकडं?" पलीकडून दबका आवाज आला, "मी हाय, ताई. मग? थांब्यावर आली का ती?" आजही डब्याचं झाकण मीच घट्ट लावते, एक फोन मात्र बाहेर असतो, चालू.