लांडग्याचं पान

जुन्या जालन्यात कापडबाजाराच्या मागच्या बोळात बेबीनंदाचं टायपिंगचं दुकान होतं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, जे येईल ते ती कॉम्प्युटरवर जुळवून द्यायची. नवरा भुजंग बियाण्यांच्या गोदामात मुकादम होता आणि दोन खोल्यांचं घर दुकानाच्या वरच होतं. गल्लीला ती नंदाताई म्हणूनच ठाऊक. हिचं बालपण मेंढरांच्या मागं उघड्या माळावर गेलंय, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

एक्याऐंशी साली ती सात वर्षांची होती. वडील राधाकिसन यांचा मोठा कळप होता, मंठ्याच्या पलीकडच्या माळांवर चरणारा. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोडीवर लादायचं. त्यावर कोंबड्यांची डाल, डालीशेजारी नंदा, आणि मंडळी खाली काळ्या रानाकडं निघायची. शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं बसवायची, भोवती वाघर लावायची. वाघर म्हणजे सुताच्या दोरांचं जाळं. त्या जाळ्याच्या आत मेंढरं आणि माणसं, बाहेर कुत्री, आणि कुत्र्यांच्याही पल्याड कुठंतरी लांडगा.

लांडग्याचं नाव मात्र राधाकिसन घेत नसत. एक मादी होती, मागच्या पायानं अधू. वर्षानुवर्षं ती ह्यांच्याच कळपाच्या मागं असायची. तिला ते मावशी म्हणत. सकाळी एखादं कोकरू कमी भरलं की आई झुंबरबाई बोटं मोडायची, आणि राधाकिसन म्हणायचे, "मावशी आल्ती. तिलाबी लेकरं हायेत." नंदानं तिला फक्त एकदाच नीट पाहिलं. भर उन्हात, पिवळ्या गवतात ती उभी होती, गवताच्याच रंगाची, कान तेवढे काळपट. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मंग मावशीच कंटाळल्यासारखी वळून निघून गेली.

पुढं माळच उरला नाही. थोडा नांगरला गेला, थोड्यावर चर खणून झाडं लावली, थोडा खडी फोडणाऱ्यांनी धरला. नंदाचं लग्न झालं, ती जालन्याला आली. ब्याण्णव साली व्यापाऱ्याचा ट्रक आला आणि राधाकिसननी सगळा कळप चढवून दिला. ट्रक हलला तेव्हा ते पाठ करून उभे होते, असं आईनं नंदाला सांगितलं. दोन वर्षांनी आईही गेली. म्हातारा वडीगोद्रीला थोरल्या मुलाकडं, त्रिंबककडं राहायला गेला. त्रिंबकचं हमरस्त्याला चहाचं हॉटेल. तिथं बाकड्यावर रस्त्याकडं पाठ करून राधाकिसन बसलेले असत. मेंढरांचा शब्द त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. कुणी विचारलं तर "व्हती की" एवढं म्हणून ते उठून जात. नंदा दिवाळीला, पंचमीला जायची. त्यांच्याशेजारी बसायची, चहा प्यायची, आणि काहीच न बोलता परत यायची. एसटीच्या खिडकीशी तिला वाटायचं, बाप आहे, डोळ्यांपुढं आहे, तरी किती आठवण येऊन राह्यली.

दोन हजार सात साली दुकानात इंटरनेट आलं. एका शाळेला वन्यप्राण्यांचा तक्ता करून हवा होता, म्हणून नंदानं इंटरनेटवरचा एक मराठी ज्ञानकोश उघडला. ज्याला वाटेल त्यानं लिहावं, सुधारावं, असा तो ज्ञानकोश. त्यात तिनं लांडगा शोधला. दोन ओळी निघाल्या. लांडगा कुत्र्यासारखा मांसाहारी प्राणी आहे, तो कळपाने राहतो. खाली फोटो होता, बर्फात उभ्या असलेल्या, भरगच्च केसांच्या पांढऱ्या लांडग्याचा.

नंदा त्या फोटोकडं बघत बसली. मंग तिनं वर 'संपादन' लिहिलेलं दाबलं आणि 'कळपाने'चं 'टोळीने' केलं. कळप मेंढरांचा असतो. पान पुन्हा उघडलं तर तिचा शब्द तिथं होता. कुणी रागावलं नाही, कुणी विचारलं नाही.

त्या आठवड्यात लाइट येईल तेवढा वेळ ती लिहीत राह्यली. पहिल्यांदा तर गंमतच झाली. पत्रिकांच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं तिनं तिथं चिटकवलं, तर सगळ्या पानावर कंस आणि टिंबं उमटली. नवा कीबोर्ड शिकावा लागला. तो शिकली आणि मंग सगळं लिहून काढलं. माळावरचा लांडगा अंगानं सडपातळ असतो, रंगानं गवतासारखा असतो, पिलं बिळात ठेवतो, मेंढीला कानाला धरून शेपटीनं हाणत चालवत नेतो.

चौथ्या दिवशी बघते तर निम्म्याहून जास्त गायब. पानाच्या मागं चर्चेची जागा असते, तिथं अण्णासाहेब नावाच्या कुणी लिहिलं होतं, 'आपण लिहिलेले वाचून आनंद झाला. पण प्रत्येक विधानाला छापील संदर्भ हवा. संदर्भ मिळाल्यास परत घालू या.'

नंदानं उत्तर दिलं, 'माझ्या वडिलांनी पाहिलेलं आहे.'

'त्यांच्यावर माझा विश्वास आहे,' अण्णासाहेबांनी लिहिलं. 'पण उद्या दुसऱ्या कुणाचे वडील उलटे सांगतील, तेव्हा आपण काय करणार?'

हे तिला राग आणण्यासारखं होतं, आणि बराबरही होतं. अण्णासाहेब सांगलीकडचे निवृत्त ग्रंथपाल होते. कोणती पुस्तकं बघावीत ते त्यांनी सांगितलं. नंदानं कॉलेजच्या लायब्ररीत ओळख काढली आणि दुपारी दुकानाला कुलूप लावून तिथं बसायला लागली. लांडगा मेंढीला चालवत नेतो हे कुठंच सापडलं नाही. उलट तो जागीच मारतो आणि उचलून नेतो, असं निघालं. ते वाचताना तिला उगाच बापाची बाजू घ्यावीशी वाटली. पण तिनं ते वाक्य परत घातलं नाही. आपल्याकडच्या लांडग्याला कायद्यानं संरक्षण आहे, तो फार थोडा उरलाय, गवताळ माळ मोडले तसा तो मोडला, हे मात्र संदर्भासकट लिहिलं.

पुढच्या वेळी वडीगोद्रीला गेली तेव्हा तिनं बाकड्यावर बसून सहज विचारलं, "आबा, मावशीचं बीळ कोणत्या तोंडाला असायचं?"

राधाकिसननी तिच्याकडं बघितलं. "कशाला?"

"लिहून राह्यले मी. लांडग्यावर."

"लांडग्यावर कोन लिवतं?" म्हातारा म्हणाला. कपातला चहा बशीत ओतला, प्याला नाही. मंग म्हणाला, "उगवतीला. पावसाचं पाणी शिरत न्हाई मंग."

तेवढंच. पण पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस माळावरचं काही बोलला होता. नंदा जाताना म्हणाली, "आबा, फोटो पाहिजे आपल्याकडच्या लांडग्याचा. येता का माझ्यासंगं? मला एकटीला माळ सापडायचा न्हाई."

ते येतील असं तिला बिलकुल वाटलं नव्हतं. पण दोन रविवारांनंतर ते स्वतःच जालन्याच्या स्टँडवर उतरले, खांद्यावर घोंगडी टाकून.

मंठ्याच्या पुढं जीपनं गेले आणि तिथून पायी. राधाकिसन थांबत थांबत चालत होते. जिथं ओढा होता तिथं शेततळं होतं, जिथं बोरी होत्या तिथं ऊस. टेकडीच्या माथ्यावर मात्र माळाचा एक तुकडा राहिला होता, पिवळा, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेला. म्हातारा तिथं उभा राहिला आणि त्यानं जिभेवरून एक आवाज काढला, कळपाला वळवताना काढायचा तो. खालच्या उतारावर कुणाची तरी मेंढरं चरत होती. त्यांनी माना वर केल्या.

मेंढरांचा मालक, मच्छिंद्र, काठी टेकत वर आला. चाळिशीचा असेल. "कोन पाव्हणं? माझी मेंढरं बोलावून राह्यले का, मामा?"

ओळख निघाली. राधाकिसनचं नाव त्याच्या बापाच्या तोंडून ऐकलेलं होतं. नंदानं कशासाठी आलो ते सांगितलं, तसा त्याचा चेहरा आक्रसला.

"हाये की लांडगा. जोडी हाये. मागच्या महिन्यात माझी दोन मेंढरं नेली. ताई, तुमाला फोटोला पाहिजे. मला नको."

"आमचीबी न्यायचा," राधाकिसन म्हणाले. "त्याचा वाटा असतो, बाबा."

"तुमच्या वक्ताला रान व्हतं, मामा. ससं व्हतं, हरीण व्हतं. तो त्यातलं खायचा, अन् तुमचं एखादं न्यायचा. आता इथं त्याला खायला माझ्याबिगर कोन हाये? अन् मला चारायला ह्या तुकड्याबिगर काय हाये?"

मच्छिंद्रनंच मंग भाकरी सोडली, तिघांनी वाटून खाल्ली. राधाकिसननी एका मेंढीच्या पाठीत बोटं घातली, लोकर उलगडून बघितली, कातडीला हात लावला. हात बराच वेळ तिथंच होता.

ऊन कलत आलं तेव्हा मच्छिंद्रची कुत्री उठून उभी राहिली. भुंकली नाहीत. राधाकिसननी नंदाच्या दंडाला धरलं. "ती बघ. बांधाच्या वरलीकडं. उभी हाये."

नंदानं बघितलं. मोबाइल वर धरला. गवत, गवत, आणि गवतावरचं ऊन. डोळे ताणून पाणी आलं. "कुठं, आबा?"

"तिथं की. आता चालली." आणि थोड्या वेळानं, "गेली."

मच्छिंद्रनंही पाहिली होती. तो शिव्या देत कळपाकडं धावला. नंदाला मात्र काही दिसलं नाही. रोज पडद्यावर खिळलेले तिचे डोळे, त्यांना गवतातलं गवतासारखं जनावर वेगळं काढता आलं नाही. लहानपणी आलं होतं. परतीच्या जीपमध्ये तिला रडू आलं. म्हाताऱ्यानं ते पाहिलं. आपली घोंगडी तिच्या गुडघ्यांवर सारली.

मोबाइलमध्ये फोटो निघाला होता तो रिकाम्या माळाचा. तोच तिनं पानावर चढवला आणि खाली लिहिलं, 'मंठा तालुक्यातील गवताळ माळरान'. लांडगा तिथं आहे असं लिहिलं नाही. तसा तिच्याकडं पुरावा नव्हता. अण्णासाहेबांनी लिहिलं, 'उत्तम. अधिवासाचे चित्र हवेच होते.' मच्छिंद्रचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिनं वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं धुंडाळली आणि मेंढपाळांच्या नुकसानीवर, भरपाई मिळवताना होणाऱ्या हेलपाट्यांवर एक वेगळा भाग लिहिला. तो लिहायला तिला सगळ्यांत जास्त दिवस लागले. पावसाळ्याच्या तोंडाशी अण्णासाहेबांनी एका हौशी छायाचित्रकाराकडून माळावरच्या लांडग्याचा फोटो मिळवला, आणि बर्फातला पांढरा लांडगा पानावरून खाली उतरला.

राधाकिसन त्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जालन्याला महिनाभर राहिले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की नंदा त्यांना ते पान वाचून दाखवायची. म्हातारा डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून खुर्चीत बसायचा, मधेच म्हणायचा, "हे कोनी सांगितलं?" नंदा पुस्तकाचं नाव सांगायची. "बराबर हाये," म्हणायचा, नाहीतर "खोटं हाये, पन राहू दे."

एका दुपारी सगळं वाचून झाल्यावर त्यानं डोळ्यांवरची पट्टी सारखी केली.

"अन् मेंढरांचं?" त्यानं विचारलं. "त्यांचं लिवलंय का कुनी?"

नंदानं शोधलं. मेंढीवर एकच ओळ होती, लोकर आणि मांस देणारा पाळीव प्राणी.

"एवढंच?"

"एवढंच, आबा."

राधाकिसन खुर्चीत सरळ बसले. "आपल्यात एक काळ्या तोंडाची व्हती," ते म्हणाले, "आवरा म्हनायची तुजी माय तिला. घे, लिव." पुस्तकाचा आधार नसलेलं हे पानावर राहायचं नाही, हे नंदाला माहीत होतं. तिनं कीबोर्ड पुढं ओढला आणि म्हातारा बोलत राह्यला तसं टाइप करत राह्यली.