सभाबाईंचं एक मत

सभाबाईंना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. बाई, कुत्र्याचं पिल्लू वर्गात आणू का, असं विचारलं तरी उत्तर ठरलेलं: "शनवारी सभेत मांड." तोवर पिल्लू बाहेर आणि आम्ही आत, दोघंही कुईकुई करत. सावली गावाच्या पुढे, तलावाच्या पाळीला लागून एका टिनाच्या शेडमध्ये आमची शाळा भरायची. पोरं धान करणाऱ्यांची आणि मासे धरणाऱ्या ढिवरांची. बाई राजुऱ्याच्या. एकट्याच आल्या, जागा घेतली, शेड उभारली. त्यांचं खरं नाव गावात कुणी कधी घेतलं नाही.

दर शनिवारी मोहाच्या झाडाखाली सभा. प्रत्येक पोराला एक मत, बाईंनाही एकच. काय शिकायचं, कधी शिकायचं, हे हात वर करून ठरायचं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शाळा लवकर सुटायची तीही आमच्याच ठरावानं. "मास्तरीणच पोरायले विचारते, मंग शिकवते कोन?" असं माझा बाप म्हणायचा, आणि तरी मला पाठवायचा.

एकदा आम्ही गणितच बंद करून टाकलं. विरोधात हात एकट्या बाईंचा. हरल्या, आणि गणिताच्या तासाला खुशाल तांदळातले खडे निवडत बसल्या. पुढे मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, आमचं नाटक होतं. पडद्याचं कापड आम्ही अंदाजानं फाडलं आणि पडदा गुडघ्यापर्यंतच पोचला. राजा, राणी, मागे लुगडं सावरणारा राक्षस, सगळ्यांचे पाय गावानं पाहिले. पुढच्या शनिवारी आम्हीच गणित परत आणलं. दुसरं कुणी असतं तर टोमणा मारल्याशिवाय राहिलं नसतं. बाई नुसतं "ठरलं" म्हणाल्या आणि खडू उचलला.

एक नियम मात्र त्यांनी आमच्याकडून घोकून घेतला होता. "पूरी गोष्ट मालूम झाल्याबिगर हात वर कराचा नाई." अर्धवट ऐकून कुणी हात उचलला, तर त्या तो खाली घ्यायला लावायच्या.

मी सातवीत असताना एका मोठ्या संस्थेचे साहेब आले. शाळा आम्हाला द्या, म्हणाले. बस देतो, गणवेश देतो, कॉम्प्युटर देतो. बाईंनी नाही म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण त्या म्हणाल्या, शाळा पोरांची आहे, सभेत मांडते. मांडलंही अगदी सरळ, आवाज न चढवता. साहेबांनी आम्हाला आदल्या दिवशीच त्या पिवळ्या बसमधून एक चक्कर मारून आणली होती. सगळे हात वर गेले. विरोधात पुन्हा एकट्या बाई. त्यांनी हात मोजले आणि म्हणाल्या, "ठरलं."

संस्थेची एक अट होती: बाईंनी शाळा सोडायची. ती अट त्यांनी सभेत सांगितलीच नाही. आम्हाला कळलं ते सोमवारी, बस आली आणि बाई नव्हत्या तेव्हा. लहान पोरं शेडमागे, तलावावर, मोहाखाली शोधून आली. मग शेडला कुलूप लावून आम्हाला रांगेत उभं केलं. नव्या शाळेत हात वर करायचा तो फक्त लघवीला जायची परवानगी मागायला.

गावात आता सगळे म्हणतात, बाई फार तत्त्वाच्या होत्या. मला ते ऐकवत नाही. जो नियम आम्हाला घोकायला लावला तो त्यांनी स्वतःच मोडला, आणि आमच्याच हातांनी आमची बाई आम्ही घालवली. इतका राग मला परक्या माणसाचा कधी आला नाही.

गेल्या हिवाळ्यात वडशाच्या स्टेशनवर त्या दिसल्या. केस पांढरे झालेले, पायाशी पिशवी. मी तिथल्या राइस मिलच्या ऑफिसात कामाला आहे. खुशालीही न विचारता मी विचारलं, अट काऊन नाही सांगितली.

"सांगतली असती तं तुमी माह्यासाठी हात वर केले असते. शाळेसाठी नाई."

"मंग काय बिघडलं असतं, बाई? आमच्यासाठी शाळा म्हंजे तुमीच होत्या."

त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, "तसं असन, तं बंद झाली थे बरंच झालं."

गाडी आली. पिशवी जड होती, त्यांना एका हातानं उचलवेना. मी पुढे झाले नाही.